साबुदाणा, पांढरी माशी आणि आपला लॉजिस्टिक कर्व्ह

एकादशीला किंवा चतुर्थीला मेसमध्ये साबुदाण्याची खिचडी असली की रांग नेहमीपेक्षा लांब लागते. एरवी देवाचे नाव न घेणारेही त्या दिवशी उपवासाला बसतात, हे हॉस्टेलवर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. पण हा पांढरा दाणा येतो कुठून, असे विचारले तर उत्तरे मजेशीर मिळतात. कुणी म्हणतो झाडाला लागतो, कुणी म्हणतो शेतात पिकतो, कुणी म्हणतो फॅक्टरीत बनतो. तिसरे उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच.

आपला साबुदाणा मुख्यतः तामिळनाडूतल्या सेलम आणि आसपासच्या जिल्ह्यांतून येतो. मूळचा 'सागो' म्हणजे मलाया, इंडोनेशियाकडच्या सागो नावाच्या ताडाच्या खोडातला स्टार्च. दुसऱ्या महायुद्धात ती आयात अडली आणि १९४३ च्या सुमारास सेलममध्ये एका वेगळ्याच पिकाच्या स्टार्चपासून दाणे करायला सुरुवात झाली. ते पीक म्हणजे टॅपिओका किंवा कसावा. मराठीत त्याला साबुकंद म्हणतात. १९८१ मध्ये तिथल्या उत्पादकांची 'सागोसर्व्ह' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे उपवास महाराष्ट्राचा आणि शेत तामिळनाडूचे, असा हा जुना संबंध आहे.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात शेतीचे काय काम? काम आहे. साबुकंदाच्या शेतात एक प्रश्न आहे, जो आपल्या कुठल्याही लॅबमध्ये शोभेल. रोगाला दाद न देणारी जात लावावी, की भरघोस उत्पादन देणारी? आणि त्यात दुसरे पीक मिसळले, तर फायदा झाला की तोटा, हे मोजायचे कसे? माझे म्हणणे एवढेच आहे की जात, बेणे आणि आंतरपीक या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजून चालत नाही. तिघांचा परिणाम एकमेकांत गुणला जातो. आणि मोजताना भागाकाराचा छेद चुकला, तर उत्तर गोड पण खोटे येते.

आधी पीक समजून घेऊ

नाव साबुकंद असले तरी हा बटाट्यासारखा कंद नाही. बटाटा म्हणजे जमिनीखालचे फुगलेले खोड; त्यावर डोळे असतात आणि डोळ्यातून नवे झाड येते. साबुकंद हे फुगलेले मूळ आहे. त्याला डोळे नसतात, त्यामुळे कंद पेरून नवीन झाड येत नाही. लागवड करतात ती जमिनीवरच्या खोडाच्या कांड्यांची, साधारण वीतभर लांबीच्या. ऊस जसा कांड्या लावून करतात तसेच.

ही साधी वाटणारी गोष्ट पुढच्या सगळ्या प्रकरणाचे मूळ आहे. कांडी लावली म्हणजे जुन्या झाडाची हुबेहूब प्रत निघते. चांगले गुण जसेच्या तसे येतात. पण त्या झाडाला विषाणू झाला असेल, तर तोही जसाच्या तसा येतो. बी पेरण्याच्या पिकात बरेच विषाणू बियांतून पुढे जात नाहीत, दर पिढीला थोडी तरी साफसफाई होते. इथे ती होत नाही. व्हायरस असलेली फाईल पेनड्राइव्हवरून कॉपी करत राहावी, तसा प्रकार.

साबुकंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात आफ्रिकेत नेला आणि पुढे आपल्याकडे केरळात आणला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० ते १८८५ या आपल्या कारकिर्दीत लोकांनी हे पीक घ्यावे म्हणून प्रयत्न केले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, तेव्हा केरळातल्या गरीब घरांना याच मुळाने जगवले. १९६३ मध्ये तिरुअनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथे केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था स्थापन झाली. एच-१६५, एच-२२६ या संकरित जाती तिथल्याच, १९७१ साली प्रसारित झालेल्या. त्यातली एच-२२६ तामिळनाडूच्या स्टार्च कारखान्यांच्या पट्ट्यात खूप पसरली. उत्पादन चांगले, स्टार्च भरपूर. दोष एकच: मोझॅक रोगाला ती सहज बळी पडते.

मोझॅक म्हणजे काय

भेंडीच्या पानांवर पिवळ्या शिरांचे जाळे तुम्ही पाहिले असेल. आपल्याकडे शेतकरी त्याला हळद्या किंवा केवडा म्हणतात. साबुकंदाचा मोझॅक हा त्याच कुळातल्या विषाणूंचा रोग. पानावर हिरवे-पिवळे ठिपके पडतात, पान वेडेवाकडे होते, झाड खुरटते. हिरवा भाग कमी झाला की प्रकाशसंश्लेषण कमी आणि मुळात साठणारा स्टार्चही कमी. १८९४ मध्ये पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियात, या रोगाची पहिली नोंद झाली. भारतात त्याला दोन विषाणू कारणीभूत आहेत. एकाला इंडियन कसावा मोझॅक व्हायरस म्हणतात, दुसऱ्याला श्रीलंकन कसावा मोझॅक व्हायरस.

रोग पसरण्याच्या वाटा दोन. पहिली वाट वर सांगितलीच: रोगट बेणे. दुसरी वाट म्हणजे पांढरी माशी. मिलिमीटरभर लांबीचा हा किडा पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतो आणि एका झाडाचा विषाणू दुसऱ्या झाडात सोडतो.

दोन्ही वाटांनी होणारे नुकसान मात्र सारखे नसते. रोगट कांडीतून उगवलेले झाड जन्मापासून आजारी असते, त्याचे उत्पादन सर्वांत जास्त घटते. माशीमुळे लवकर लागण झाली तर नुकसान मध्यम. लावणीनंतर चार महिने उलटल्यावर लागण झाली, तर उत्पादनात फारसा फरक पडत नाही, कारण झाडाची पाने आणि मुळे तोवर उभी राहिलेली असतात. आठ-दहा महिन्यांच्या या पिकात पहिले चार महिने निभावले की बरेचसे साधले. रोग पूर्ण थांबवता आला नाही तरी चालेल, लांबवता आला पाहिजे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे गणितात लागेल.

मोकळी जागा आणि तीन महिने

साबुकंद साधारण ९० सें.मी. बाय ९० सें.मी. अंतरावर लावतात. हेक्टरी किती झाडे बसतात ते काढून पाहा. १०,००० भागिले ०.८१, म्हणजे १२,३४५. (उत्तर पाहून कॅल्क्युलेटर बिघडला असे वाटेल, पण ते बरोबर आहे.) पहिले तीन महिने ही झाडे हळूहळू वाढतात. ओळींमधली जमीन उघडी पडते, तिथे ऊन पडते, पावसाने माती वाहते आणि तण माजते.

या मोकळ्या जागेत तीन-साडेतीन महिन्यांत येणारे भुईमूग, चवळी, मूग, उडीद यांसारखे पीक ओळीने घेतले, की त्याला आंतरपीक म्हणायचे. बी एकत्र कालवून फोकले तर ते मिश्रपीक, ठरावीक ओळी ठेवल्या तर आंतरपीक. आपल्याकडे सोयाबीनच्या ओळींमध्ये तुरीची ओळ असते, तीच कल्पना. एक पीक लवकर निघते, दुसरे मागाहून पसरते. द्विदल पिकाच्या मुळांवरच्या गाठींतून नत्राचीही थोडी मदत होते.

इथे जातीचा एक गुण महत्त्वाचा ठरतो, जो रोगाच्या तक्त्यात कधी दिसत नाही. तो म्हणजे झाडाचा आकार. लवकर फांद्या फुटून छत्रीसारखी पसरणारी जात आंतरपिकावर लवकर सावली धरते. केरळात खाण्यासाठी नावाजलेली एम-४ ही जात सरळ वाढते, फांद्या फारशा फोडत नाही, त्यामुळे खालच्या पिकाला ऊन जास्त काळ मिळते. म्हणून 'चांगली जात कोणती' या प्रश्नाला सलग शेतात एक उत्तर आणि आंतरपिकात दुसरे उत्तर असू शकते.

आता गंमत पाहा. रोगाच्या दृष्टीने धोक्याचे महिने पहिले चार. आंतरपीक शेतात असते ते पहिले तीन. हे दोन काळ जवळजवळ एकमेकांवर बसतात. मग आंतरपिकाचा पांढऱ्या माशीवर काही परिणाम होतो का?

माशीला चवळी दाखवली तर

या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे. १९८० च्या दशकात कोलंबियात साबुकंदात चवळी आणि मका लावून पांढरी माशी मोजली गेली. चवळी असलेल्या शेतात माशीची अंडी कमी आढळली आणि चवळी काढल्यानंतरही हा परिणाम काही महिने टिकला. माशीमुळे होणारी घट सलग शेतात आणि मक्याबरोबरच्या शेतात सुमारे ६०% होती, तर चवळीबरोबर सुमारे १२%. दक्षिण अमेरिकेत हा मोझॅक रोग नाही. तिथली माशी वेगळ्या जातीची आहे आणि ती स्वतःच रस शोषून नुकसान करते. तरी आकडा बोलका आहे.

पण त्यातच एक मेख आहे. चवळीशी स्पर्धा करताना साबुकंदाची झाडे थोडी लहान राहिली होती आणि लहान झाड माशीला कमी आवडते, हे माशी घटण्याचे एक मोठे कारण निघाले. म्हणजे संरक्षण फुकट मिळाले नाही. सुरुवातीच्या वाढीतून त्याची किंमत मोजली गेली.

दुसरा अभ्यास कॅमेरूनमधला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथे मोझॅक रोग आहे. मका आणि चवळी ही आंतरपिके घेतल्यावर पांढऱ्या माशांची संख्या सुमारे ५०% घटली, पण रोगाचे प्रमाण सुमारे २०% इतकेच घटले. माशा निम्म्या झाल्या म्हणून रोग निम्मा होत नाही, कारण उरलेल्या माशाही आपले काम करतच असतात. शिवाय कोलंबियात मक्याचा उपयोग झाला नाही, कॅमेरूनमध्ये झाला. त्यामुळे कुठे कुठले आंतरपीक चालेल, हे त्या त्या ठिकाणी लावूनच पाहावे लागते.

फक्त २०% ऐकून बरेच जण म्हणतील, एवढ्यासाठी कोण उठाठेव करणार? थांबा. इथे आपला लॉजिस्टिक कर्व्ह येतो.

एम-थ्रीमधला नव्हे, शेतातला हिशोब

दक्षिण आफ्रिकेचे व्हॅन डर प्लँक यांनी १९६३ मध्ये पिकांच्या साथींवर एक पुस्तक लिहिले आणि रोगाचा प्रसार गणितात बसवला. कल्पना सोपी आहे. रोग चक्रवाढ व्याजासारखा वाढतो. जितकी झाडे रोगट, तितक्या जास्त माशा विषाणू उचलणार. पण निरोगी झाडे संपत आली की वेग मंदावतो. म्हणून वक्र एस आकाराचा होतो. कपॅसिटर चार्ज होतो तसा शेवट, आणि सुरुवात मात्र एक्स्पोनेन्शियल.

यात दोनच आकडे महत्त्वाचे. लावणीच्या दिवशी किती अंश झाडे रोगट होती, त्याला 'स' म्हणू. आणि रोग वाढण्याचा रोजचा दर, त्याला 'र' म्हणू. निम्मे शेत रोगट व्हायला लागणारे दिवस असे निघतात:

दिवस = (१ ÷ र) × नॅचरल लॉग [(१ − स) ÷ स]

आता उदाहरण घेऊ. पुढचे आकडे मी केवळ हिशोबासाठी धरले आहेत, ते कुठल्या शेतात मोजलेले नाहीत. समजा र = ०.०३ दरदिवशी. आंतरपीक घेतल्यावर र २०% ने घटून ०.०२४ झाला असे धरू. साधे बेणे म्हणजे १०% कांड्या रोगट, निवडक बेणे म्हणजे १% रोगट.

साधे बेणे, सलग पीक: ७३ दिवस.
साधे बेणे, आंतरपीक: ९२ दिवस.
निवडक बेणे, सलग पीक: १५३ दिवस.
निवडक बेणे, आंतरपीक: १९१ दिवस.

नीट पाहा. साध्या बेण्यावर आंतरपिकाने १९ दिवस मिळाले. ७३ चे ९२ झाले तरी आपण चार महिन्यांच्या, म्हणजे १२० दिवसांच्या, अलीकडेच आहोत. शेताचे नुकसान व्हायचे ते होणारच. तेच आंतरपीक निवडक बेण्यावर घेतले तर ३८ दिवस मिळाले. तेच बी, तीच मेहनत, फायदा दुप्पट. कारण सूत्रात दोन्ही गोष्टींचा गुणाकार आहे. बेणे खराब असेल तर आंतरपिकाला संरक्षण म्हणून फारसा अर्थ राहत नाही; बेणे चांगले असेल तर तेच आंतरपीक खूप काही देते.

म्हणून माझ्या मते 'आंतरपिकाने रोग कमी होतो का' हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या बेण्यावर, हे आधी विचारले पाहिजे. बेणे निवडायचे ते शेतात पाने हिरवी असताना. निरोगी झाडांना खूण करून ठेवायची आणि काढणीला त्यांच्याच खोडाच्या कांड्या जपायच्या. खोड तोडून पाने गळाली की रोगट कोण आणि निरोगी कोण हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. ढीग लागल्यावर निवड करणे म्हणजे पेपर तपासून झाल्यावर रोल नंबर शोधणे.

मग प्रतिकारक जात हवीच कशाला?

कारण प्रतिकारक जात 'र' वरच घाव घालते. वरच्या उदाहरणात जातीमुळे दर निम्मा, म्हणजे ०.०१५ झाला असे धरा. १% रोगट बेण्यावर सलग पिकातही ३०६ दिवस मिळतात. तोवर काढणी झालेली असते! शिवाय अशा काही जातींत आणखी एक गुण दिसतो. विषाणू झाडात सगळीकडे पोचत नाही, त्यामुळे लागण झालेल्या झाडाच्या काही कांड्या निरोगी निघतात. म्हणजे पुढच्या वर्षीचा 'स' आपोआप कमी राहतो.

हा गुण आला कुठून, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९३० च्या दशकात टांझानियातल्या अमानी संशोधन केंद्रात एच. एच. स्टोरी यांनी साबुकंदाचा संकर त्याच्याच एका रानटी भावंडाशी केला. हे भावंड म्हणजे सिआरा रबर नावाचे झाड, ज्याच्या चिकाचे रबर करतात. ते खाण्याच्या उपयोगाचे नाही, पण विषाणूला दाद देत नाही. पहिल्या पिढीची मुळे काही खास नव्हती. म्हणून पुन्हा पुन्हा साबुकंदाशी संकर करत ते काम डी. एल. जेनिंग्ज यांनी पुढे नेले. त्यातली एक वाण नायजेरियात इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय शेती संस्थेत पोचली. ही संस्था १९६७ मध्ये सुरू झालेली. तिथे कोरियाचे शास्त्रज्ञ एस. के. हान यांनी १९७० च्या दशकात त्यातून टीएमएस मालिकेतल्या जाती तयार केल्या. म्हणजे कामाला सुरुवात झाली एका पिढीत आणि फळ मिळाले दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला. आपण चार महिन्यांच्या प्रोजेक्टला कंटाळतो, तेव्हा हे आठवायला हरकत नाही.

आपल्याकडेही नायजेरियातून आलेल्या साठ्यातून 'श्री पद्मनाभ' ही मोझॅकला प्रतिकारक जात तामिळनाडूसाठी निवडली गेली. सेलम जिल्ह्यात येथापूर येथे तामिळनाडू कृषी विद्यापीठाचे टॅपिओका संशोधन केंद्रही आहे. पण नवी जात आली की शेतकरी ती लगेच उचलतो असे नाही. एका झाडापासून साधारण दहाच कांड्या मिळतात. गव्हाच्या एका दाण्याचे जसे भराभर पोते होते, तसे इथे होत नाही. म्हणून दोन डोळ्यांचे छोटे तुकडे लावून बेणे लवकर वाढवण्याची पद्धत श्रीकार्यमच्या संस्थेने विकसित केली. शिवाय कारखानदार भाव देतो तो स्टार्चकडे पाहून. निरोगी पण स्टार्च कमी अशी जात शेतकऱ्याच्या खिशाला आजारीच.

युगांडाने शिकवलेला धडा

प्रतिकारक जात मिळाली की प्रश्न संपला, असे वाटणाऱ्यांसाठी युगांडाचे उदाहरण पुरेसे आहे. तिथे साबुकंद हे उपवासाचे खाणे नसून रोजची भाकरी आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मध्य युगांडाच्या उत्तरेकडील भागात मोझॅकची भयंकर साथ सुरू झाली. दर वर्षी वीस-तीस किलोमीटर पुढे सरकत ती देशभर आणि मग शेजारच्या देशांत गेली. १९९७ मध्ये संशोधकांना कळले की दोन वेगळ्या विषाणूंच्या तुकड्यांची सरमिसळ होऊन एक नवा, जास्त घातक विषाणू तयार झाला होता. कित्येक भागांत शेतकऱ्यांनी साबुकंद लावणेच सोडले. घरात खायला नाही अशी वेळ आली.

१९९० च्या दशकात इबादानच्या टीएमएस जाती युगांडात 'नासे' या नावाने वाटल्या गेल्या आणि पीक पुन्हा उभे राहिले. संशोधनाने लोकांच्या ताटात अन्न परत आणल्याचे हे खरेखुरे उदाहरण आहे. पण २००४ मध्ये तिथे दुसराच रोग दिसला. तपकिरी पट्ट्यांचा रोग. तोही विषाणूचाच, तोही पांढऱ्या माशीने आणि बेण्याने पसरणारा, पण कूळ वेगळे. मोझॅकला पुरून उरलेल्या अनेक जाती त्याला बळी पडल्या. यात झाड वरून बऱ्यापैकी हिरवे दिसते. मूळ खणून कापले की आत तपकिरी, लाकडासारखे डाग निघतात. दहा महिने राखलेले पीक काढणीच्या दिवशी हातातून जाते.

एका शत्रूविरुद्ध मिळालेले बळ दुसऱ्याविरुद्ध उपयोगी पडेलच असे नाही. आपल्याकडेही २०२० मध्ये केरळात साबुकंदावरचा परदेशी पिठ्या ढेकूण सापडला. आणि भारत-श्रीलंकेत असलेला मोझॅकचा श्रीलंकन विषाणू २०१५ मध्ये कंबोडियात आढळला, मग व्हिएतनाम आणि थायलंडपर्यंत गेला. बेण्याच्या मोळ्या गाडीत भरून सीमेपलीकडे जातात, त्यांच्याबरोबर रोगही जातो. सगळ्या शेतात एकच पीक, एकच जात असेल तर असा पाहुणा आल्यावर राखीव काहीच उरत नाही. आंतरपीक असलेल्या शेतकऱ्याच्या घरात निदान भुईमूग तरी येऊन पडलेला असतो. हा फायदा सरासरी उत्पादनात दिसत नाही, पण वाईट वर्षी तोच घर चालवतो.

छेद कुठला धरायचा?

आता शेवटचा आणि आपल्या कामाचा मुद्दा. आंतरपिकाचा फायदा मोजण्यासाठी एक गुणोत्तर वापरतात, त्याला एलईआर म्हणतात. मराठीत जमीन समतुल्य गुणोत्तर. आंतरपिकात मिळालेले प्रत्येक पिकाचे उत्पादन भागिले त्याच पिकाचे सलग उत्पादन, आणि अशा सर्व भागाकारांची बेरीज. उत्तर १ पेक्षा जास्त आले तर आंतरपिकात जमिनीचा उपयोग चांगला झाला. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत काम केलेले आर. डब्ल्यू. विली आणि संख्याशास्त्रज्ञ आर. मीड यांनी १९८० मध्ये या गुणोत्तराची नीट चिकित्सा केली आणि तुलनेसाठी कुठले सलग पीक धरायचे, याकडे लक्ष वेधले.

ते किती महत्त्वाचे आहे, हे पुन्हा मानलेल्या आकड्यांनी पाहू. मोझॅकला बळी पडणारी एक जात. निरोगी बेण्याचे सलग उत्पादन हेक्टरी ३० टन, रोगट बेण्याचे सलग उत्पादन १८ टन. आंतरपिकात साबुकंद १६ टन आला. भुईमूग सलग २ टन येतो, आंतरपिकात ०.८ टन आला, म्हणजे भुईमुगाचा वाटा ०.४०.

रोगट सलग पिकाशी तुलना केली तर १६ ÷ १८ = ०.८९, अधिक ०.४०, एकूण १.२९. जमिनीचा २९% जास्त उपयोग! टाळ्या. आता निरोगी सलग पिकाशी तुलना करा. १६ ÷ ३० = ०.५३, अधिक ०.४०, एकूण ०.९३. म्हणजे तोटा. शेत तेच, मुळे तीच, वजनकाटा तोच. बदलला तो फक्त छेद.

पहिल्या उत्तरात आंतरपिकाची चांगली कामगिरी नव्हती, सलग पिकाची वाईट अवस्था होती. दुसऱ्याची उंची कमी म्हणून आपण उंच दिसतो, तसे. म्हणून नियम असा ठेवावा: तुलना नेहमी त्या ठिकाणी शक्य असलेल्या सर्वांत चांगल्या सलग पिकाशी करावी आणि सर्व जातींसाठी तोच एक छेद ठेवावा. समजा एखाद्या प्रतिकारक जातीने आंतरपिकात २४ टन दिले. २४ ÷ ३० = ०.८०, अधिक ०.४०, एकूण १.२०. दिसायला हा आकडा १.२९ पेक्षा लहान आहे. पण शेतकऱ्याच्या गाडीत आठ टन माल जास्त आहे. गुणोत्तर पाहून जात निवडली असती तर आपण चुकीची जात निवडली असती.

आपल्या शाखांमध्येही हे रोज घडते. एफिशियन्सी वाढली म्हणताना जुनी मोटर किती खराब होती हे सांगितले जात नाही. रिजल्ट सुधारला म्हणताना मागच्या वर्षीचा रिजल्ट कसा होता ते विचारले जात नाही. व्हायवात कुणी टक्केवारी विचारली तर आधी 'कशाच्या किती टक्के' हे स्वतःला विचारावे.

शेतकऱ्याने आणि आपण काय करावे

साबुकंद लावणाऱ्याला या सगळ्यातून सरळ क्रम मिळतो. पहिले काम निरोगी झाडांना खूण करून बेणे राखण्याचे. त्याला पैसा लागत नाही, डोळे आणि वेळ लागतो. दुसरे, लावणीनंतर महिनाभरात जन्मजात रोगट दिसणारी झाडे उपटून टाकायची. तिसरे, प्रतिकारक जात मिळत असेल आणि कारखाना तिला भाव देत असेल तर ती, फार न पसरणारी असेल तर उत्तम. चौथे, पहिल्या तीन महिन्यांत भुईमुगासारखे पीक. हा क्रम उलटा केला, म्हणजे रोगट बेण्यावर आंतरपीक घेऊन रोग हटेल अशी आशा धरली, तर वरच्या हिशोबात ७३ चे ९२ दिवस झाले, तितकाच दिलासा मिळेल.

आणि आपल्यासाठी? वर दिलेली दोन्ही गणिते स्प्रेडशीटमध्ये अर्ध्या तासात बसतात. 'स', 'र' आणि छेद बदलून पाहा. ज्यांना इमेज प्रोसेसिंगचा प्रोजेक्ट करायचा आहे त्यांनी पानाच्या फोटोवरून मोझॅक ओळखण्याचा विचार करावा. पण तो फोटो कांड्या तोडण्याआधीचा हवा, नाहीतर शेतकऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. उपकरण कितीही हुशार असले तरी ते योग्य आठवड्यात शेतात पोचले पाहिजे. हे वेळापत्रक साबुकंदाचे झाड ठरवते, आपले सबमिशन नाही.